दीड थाऊ

डोमाजी मास्तरांची अडुसष्ट सालची बुलेट
मौशीच्या नाल्यापर्यंत बरी गेली
आणि तिथं दातखीळ बसल्यासारखी थांबली.
अर्ध्या तासानं, गार झाल्यावर,
काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू.

मास्तर झाडीपट्टीच्या नाटकांतले पेटीवाले.
तीस हिवाळे मागच्या सीटवर पेटी बांधून
नवरगाव, सिंदेवाही, कुठं कुठं,
रातभर प्रयोग, पहाटे धुक्यातून घरी.
मूळ ठोका त्यांनीच पकडला होता :
"वाल्व नाई जी हा. खालून येते.
खर्जातून."
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्रँककेसला, मूठ कानाला,
मीही ऐकलं.
खर्जच होता.

म्हणून तर नवा बुश टाकला होता.

आता पुन्हा इंजिन पाटावर, पोट उघडं.
ऑइल पंप पाहिला, धार बरोबर.
पिनचं भोक तारेनं साफ करून फुंकलं, पलीकडे वारा आला.
क्रँक दोन सेंटरमध्ये धरून फिरवला,
डायलची सुई एका रेघेत डुलली, बाहेर गेली नाही.
बाजूची फट फिलर गेजनं मोजली. ठीक.
सगळंच ठीक,
आणि बुश मात्र एका अंगानं काळवंडलेला,
तव्यावर विसरलेल्या भाकरीगत.

दुसरा बुश मीच कातला.
दुपारचे दोन, नागभीडचा मे,
टिनाखाली लेथ, लेथवर मी.
माप घेतलं : दीड थाऊ. इंचाचे हजार भाग केले
तर त्यातला दीड भाग, तेलाला राहायला.
पुस्तकात तेवढंच लिहिलंय.
मागच्या खेपेलाही तेवढंच भरलं होतं.

कवडू मिस्त्री दारात उभा होता.
छोट्या रेल्वेच्या शेडमध्ये उभी हयात गेली त्याची.
ती गाडी गेली, रूळ उखडले,
बोटं तेवढी राहिली.
त्यानं बुश उचलला आणि गालाला लावला.
"कवा मापलं गा?"
"आत्ता. उतरवल्या उतरवल्या."
"हं," म्हणाला,
आणि घरात जाऊन जेवायचं ताट घेऊन आला.

ताटात बुश ठेवला. शेजारी पिन.
शेजारी माझा मायक्रोमीटर.
वर ओलं नाही, कोरडं फडकं.
रांजणाजवळ, सावलीत, रातभर.
"तिघाइले एका थंडीत झोपू दे.
मंग पुस."

मला झोप लागली नाही, ती गोष्ट वेगळी.
साडेचारला कोंबड्याआधी उठलो,
उघड्या बल्बखाली माप घेतलं,
पुसून पुन्हा घेतलं.
अर्धा थाऊ.

एक थाऊ दुपारचा होता.
माझा नव्हता, पितळेचा नव्हता,
लेथच्या तापाचा आणि त्या टिनाचा होता,
आणि मी तो वहीत लिहून ठेवला होता,
तारीख घालून, सही करून, दोनदा.

मग घाई केली नाही.
रोज पहाटे थोडं घासायचं,
ऊन चढलं की ताटात परत.
तिसऱ्या दिवशी रॉड पिनवर चढवला,
दोन बोटांत धरून वर-खाली ओढला, काही नाही.
बाजूला सरकवला, सरकला.
आडवा धरून सोडला
आणि तो आपल्याच वजनानं, सावकाश,
पाणी प्यायला वाकणाऱ्या बैलासारखा
खाली गेला.
कवडू तेव्हा तंबाखू मळत होता.
त्यानं मळणं थांबवलं नाही,
पण बघितलं.

मास्तर संध्याकाळी बुलेट घेऊन गेले.
मौशीचा नाला कधीच मागं पडला असणार.
आम्ही दोनदा चहा घेतला.
तिसरा मागवावा का, हे कुणी बोललं नाही.

अंधार पडल्यावर आवाज आला,
आधी आवाज, मग दिवा.
मास्तरांनी इंजिन बंद केलं नाही.
उतरून मागच्या सीटवर हात फिरवला,
कॅरिअरची कडी ओढून पाहिली,
आणि म्हणाले,
"पेटी बांधाले नवी दोरी लागन."